चाक पुढें, टायर मागें

शर्यतीच्या मोटारींविषयीं आमच्या शाळेंतील मुलांशीं बोलावयास बसलें, म्हणजे पहिल्या पांच मिनिटांत इंजिनाची अश्वशक्ति, ताशीं वेग आणि मोटार हांकणाराचें नांव या तिन्ही गोष्टी पाढ्यासारख्या म्हणून दाखविल्या जातात. हें ज्ञान वाईट नव्हे. परंतु ती सारी अश्वशक्ति रस्त्यापर्यंत पोंचते तरी कोणत्या वाटेनें, असें विचारलें असतां बहुतेक जण चाकाशीं येऊन थांबतात. चाक आणि टायर हीं एकच, अशी त्यांची समजूत असते, आणि ती खरी नाहीं. चाक धातूचें, टायर रबराचा. दोघांना जोडणारा एकहि खिळा सामान्यतः नसतो. जोर पुरेसा असला, तर रिम टायरच्या आंतल्या आंत फिरते आणि टायर मागें राहतो. शर्यतीच्या मैदानावर हा दोष अनेकांना भोंवतो. त्यावर कोणता उपाय करावा याविषयीं जाणत्यांतहि मतभेद आहेत. माझें मत असें कीं, स्क्रू ठोकून टायर जखडण्याचा उपाय, जो पुष्कळांना प्रथम सुचतो, तो सर्वांत शेवटीं आठवावा. हें मत कां झालें, तें विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचा येथें विचार आहे.

ज्यांनीं गांवच्या लोहारापाशीं उभें राहून बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितांना पाहिली आहे, त्यांना या विषयाचा अर्धा भाग आधींच ठाऊक आहे. धाव म्हणजे लांकडी चाकाभोंवतालची लोखंडी पट्टी. ती चाकाच्या घेरापेक्षां जाणूनबुजून थोडी लहान करतात आणि गोवऱ्यांच्या आगींत लाल होईतों तापवितात. तापल्यावर ती वाढते व चाकावर बसते. वरून पाणी ओततांच ती आंखडते आणि तुंबा, आरे व घेर या सर्वांना कडकडून आवळून धरते. तेथें खरी पकड खिळ्यांची नसते, आवळण्याची असते. उन्हाळ्यांत लांकूड वाळून बारीक झालें, कीं हीच धाव खुळखुळूं लागते, आणि शहाणा गाडीवान खिळे मारीत बसत नाहीं; तो चाकें पाण्यांत भिजत ठेवतो. लांकूड फुगतें आणि पकड पुन्हा घट्ट होते. दोष कोठें उत्पन्न झाला हें त्यानें ओळखलेलें असतें.

हवेच्या टायरच्या जनकांना ही युक्ति एकदम साधली नाहीं. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं हवेच्या टायरचें पहिलें पेटंट घेतलें. त्याच्या रबरी नळीवर चामड्याचें वेष्टण होतें, आणि तें चाकाला बोल्टांनीं जखडलेलें असे. ती कल्पना लोक विसरले. पुढें १८८८ सालीं बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें ती स्वतंत्रपणें पुन्हा शोधली. त्याचा पहिला टायर कापडानें चाकालाच गुंडाळून चिकटविलेला असल्यामुळें पंक्चर काढणें हें एक मोठेंच कर्म होऊन बसलें. दोनच वर्षांनीं, १८९० सालीं, चार्ल्स किंग्स्टन वेल्श यानें टायरच्या कांठांत न ताणणाऱ्या तारेचें कडें घालण्याची युक्ति काढली. त्याच वर्षीं टायरची दुसरीहि एक जात निघाली. तिच्या कांठाला रबराची जाड घडी असून ती रिमच्या वळलेल्या ओठांत अडकून बसे. हवा थोडी कमी झाली कीं ही जात सरके, म्हणून रिममधून आंत बोल्ट घालून तिला दाबून धरावें लागे. मोटारींतून ती जात पुढें मागें पडली व तारेचें कडें टिकलें. एवढा इतिहास सांगण्याचें कारण इतकेंच कीं, जखडण्याचा उपाय नवा नाहीं. तो थॉमसनच्या पेटंटाइतका जुना आहे आणि एकदां टाकून दिलेला आहे.

आजच्या टायरची पकड अशी असते. टायरच्या दोन्ही कांठांत पोलादी तारांचें एकेक कडें असतें. रिमवर कांठ जेथें टेकतो, ती बैठक सपाट नसून बाहेरच्या बाजूस किंचित् चढती असते. कांठाचा व्यास बैठकीच्या व्यासाहून थोडा लहान ठेवलेला असतो. हवा भरली कीं कांठ चढावर ढकलला जातो आणि शेवटीं रिमच्या उभ्या कडेला जाऊन भिडतो. टायर बसतांना जो ‘फट्’ असा आवाज होतो, तो याच क्षणाचा. तारेचें कडें ताणत नाहीं, त्यामुळें त्याच्या खालचें रबर कडें आणि धातू यांच्यामध्यें चेंगरलें जातें. एक पकड या चेंगरण्याची, आणि दुसरी, आंतील हवा कांठाला उभ्या कडेवर दाबते, तिची. लोहाराच्या धावेचेंच हें तत्त्व आहे. फरक इतकाच, कीं येथें आगीचें काम हवा करते.

आतां यावर भार किती येतो तें पाहूं. फॉर्म्युला वन शर्यतींत २०२१ पर्यंत १३ इंची रिम असे व टायरचा बाहेरचा व्यास ६७० मिलिमीटर असे. म्हणजे जमिनीपासून मध्यापर्यंतचें अंतर सुमारें ३३५ मिलिमीटर, आणि कांठापासून मध्यापर्यंतचें अंतर सुमारें १६५. तरफेचा नियम इयत्ता आठवीचा विद्यार्थीहि जाणतो. समजा, ब्रेक दाबल्यावर रस्त्यानें एका टायरला ५०० किलो वजनाइतक्या जोरानें मागें ओढलें. तर टायरच्या कांठांशीं तोच जोर दुपटीहून किंचित् अधिक, म्हणजे १,००० किलोच्या वर भरतो, आणि तो दोन कांठांना वांटून घ्यावा लागतो. २०२२ पासून रिम १८ इंची व टायर ७२० मिलिमीटरचा झाला. तेव्हां हेंच प्रमाण सुमारें दीडपटीवर आलें. तो बदल कांहीं याच कारणासाठीं केलेला नव्हता, पण कांठावरील ओझें त्यानें हलकें केलें खरें.

आमच्या घरच्या मोटारींत हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. कारण रस्ता आणि टायर यांच्यामधील पकड रिम आणि टायर यांच्यामधील पकडीपेक्षां आधीं सुटते. मोटार घसरते, टायर रिमवर जागच्या जागीं राहतो. शर्यतवाल्यानें काय केलें? त्यानें मऊ, नक्षीविरहित रबराचा टायर घातला, जो तापला कीं रस्त्याला अक्षरशः चिकटतो. इंजिन वाढविलें, ब्रेक वाढविले. रस्त्यावरची पकड इतकी वाढली, कीं आतां सांखळींतील सर्वांत दुबळी कडी ती राहिली नाहीं. दुबळेपणा एक पायरी वर सरकून रिमच्या बैठकीवर येऊन बसला. शुभवर्तमानांतील जुन्या बुधल्यांत नवा द्राक्षारस भरणाऱ्याचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांस प्रार्थनेच्या तासाला ऐकून माहीत आहे. जुन्या गुळगुळीत रिमवर नवा चिकट टायर चढवून वर इंजिनाची शक्ति वाढविणारा मनुष्य त्याच जातीचा.

या दोषाचें खरें राज्य अमेरिकेंतील ड्रॅग शर्यतींत पहावयास मिळतें. तेथें मोटारी सरळ रेषेंत, उभ्या जागेवरून सुटतात. ‘टॉप फ्युएल’ या सर्वांत बलिष्ठ वर्गाच्या मोटारी १,००० फूट अंतर चार सेकंदांच्या आंत तोडतात आणि शेवटीं ताशीं ३३० मैलांच्या वर वेग गांठतात. (२००८ पर्यंत हें अंतर पाव मैल होतें, सुरक्षिततेसाठीं तें कमी केलें.) सुटतांना मागील टायरनें जमिनीवर जास्तींत जास्त पसरावें, म्हणून ड्रॅग शर्यतींत त्यांत हवा फारच थोडी ठेवतात. घरच्या मोटारीच्या टायरमध्यें दर चौरस इंचास ३० पौंडांच्या आसपास दाब असतो. येथें तो दहा पौंडांच्याहि खालीं आणतात. सुटण्याच्या क्षणाचें संथ गतीचें चित्र पाहिलें तर टायरच्या बाजूंना ओल्या धोतराच्या पिळासारख्या सुरकुत्या पडलेल्या दिसतात. आतां पहा: कांठाला दाबून धरणारी हवाच काढून घेतली, आणि त्याच कांठावर पृथ्वीवरील कोणत्याहि मोटारीहून मोठा पीळ लादला. अशा ठिकाणीं केवळ घर्षणावर विसंबणें शक्य नाहीं, हें मीं प्रथमच कबूल करतों, आणि पुढील सारें विवेचन ही एक जागा सोडून आहे.

कांहीं अनुभवी माणसें म्हणतात, टायर दोन-चार बोटें सरकला म्हणून बिघडलें कुठें? ट्यूब नाहीं, व्हॉल्व्ह रिमला बसविलेला. कांठ फिरला तरी हवा जात नाहीं. उलट, जोराचा झटका तेथें जिरतो, हा फायदाच. हें म्हणणें ऐकावयास गोड आहे, पण त्यांत चाकाच्या तोलाचा विचार नाहीं. कोणताहि टायर सर्व बाजूंनीं सारख्या वजनाचा नसतो. जड बाजूच्या समोर रिमवर शिशाचा किंवा जस्ताचा तुकडा लावून चाकाचा तोल साधतात. टायर सरकला कीं जड बाजू एकीकडे जाते आणि तुकडा होता तेथेंच राहतो. भूमितीनें पाहतां, टायर ६० अंश सरकला, कीं तोल मुळींच न साधलेल्या चाकाइतका दोष पुन्हा उत्पन्न होतो. १८० अंश सरकला, तर दोष दुप्पट होतो, म्हणजे तोल साधला नसता तर बरें झालें असतें असें म्हणावयाची पाळी येते. १३ इंची रिमवर ६० अंश म्हणजे सुमारें सात इंच. हें अंतर एका लांब शर्यतींत थोडें थोडें करून तुटूं शकतें. ५० ग्रॅमचा तुकडा रिमच्या घेरावर आहे आणि मोटार ताशीं ३०० किलोमीटर वेगानें धांवत आहे असें धरा. चाक सेकंदास जवळजवळ ४० वेळां फिरतें, आणि तो चिमुकला तुकडा ५० किलोहून अधिक वजनाच्या जोरानें बाहेर ओढ घेतो. हा हिसका सेकंदाला चाळीस वेळां हांकणाराच्या हातांना, त्याच्या दृष्टीला आणि चाकाच्या सांध्यांना बसतो. शिवाय सरकणारा कांठ झिजतो, आणि कांठ झिजला तर हवा धरून ठेवणारें दुसरें कोणी तेथें नसतें. ट्यूब असेल तर गोष्ट आणखी वाईट. टायर आपल्याबरोबर ट्यूबला ओढतो, व्हॉल्व्ह रिमच्या छिद्रांत अडकलेला राहतो, आणि एके क्षणीं तो मुळापासून उपटून येतो. हवा एकदम जाते. मोटार वळणावर असेल तर काय होईल, तें सांगावयास नको. म्हणून ‘थोडें सरकलें तर चालेल’ हें मत मला मान्य नाहीं.

सरकला हें कळावें कसें? यावरचा उपाय इतका स्वस्त आहे, कीं त्यामुळेंच कित्येकांना तो कमीपणाचा वाटतो. टायर बसविल्यावर रंगाची एक सरळ रेघ अर्धी रिमवर व अर्धी टायरवर काढावयाची. विमानांच्या चाकांवर अशा खुणा करण्याची रीत जुनी आहे. विमान उतरतांना थांबलेलें चाक एकाएकीं फिरूं लागतें व टायर रिमवर सरकण्याचा संभव असतो, म्हणून तपासणारा मनुष्य ती रेघ जुळते कीं नाहीं हें पाहतो. मोटारीच्या प्रत्येक फेरीनंतर ती पाहिली, तर सरकलें किती एवढेंच कळत नाहीं, कशामुळें सरकलें हेंहि कळतें. टायरवरील अर्धी रेघ फिरण्याच्या दिशेनें मागें पडली असेल, तर इंजिनाच्या जोरानें रिम पुढें निघून गेली. ती पुढें गेली असेल, तर ब्रेकनें रिम थांबविली व टायर धांवत राहिला. मागील चाकांनीं चालणाऱ्या मोटारीच्या पुढच्या चाकावर रेघ हलली, तर इंजिनाला दोष देण्याचें कारणच नाहीं. तेथें ब्रेकचाच हात असतो. एका रेघेनें एवढें सांगावें आणि तरी ती न काढतां कोणी भोंकें पाडण्याचें यंत्र हातांत घ्यावें, याला मी उतावीळपणा म्हणतों.

रेघ हलली, तर पहिला संशय साबणावर घ्यावा. टायर चढवितांना कांठाला साबणाचें पाणी किंवा तसेंच वंगण लावतात. त्यावांचून तो चढत नाहीं. पण चढतांना जो निसरडेपणा उपयोगी, तोच वाळण्यापूर्वीं मोटार पळविली तर घातक. वंगण बेताचें लावावें, तें वाळणाऱ्या जातीचें असावें, आणि टायर बसविल्यावर त्याला शक्य तर एक दिवस तसाच राहूं द्यावा. खनिज तेल अथवा ग्रीस तर कधींच लावूं नये. तें वाळत नाहीं आणि रबराला कुजवितें. दुसरा संशय बैठकीवर. जुन्या रबराचा थर, गंज, आणि विशेषतः शोभेसाठीं दिलेला चकचकीत रंग यांनीं बैठक गुळगुळीत होते. रिम आरशासारखी असावी अशी हौस असेल, त्यानें ती बाहेरच्या बाजूस भागवावी. आंतली बैठक खरखरीत असली पाहिजे. म्हणूनच शर्यतीच्या रिमच्या बैठकीवर वाळूचा मारा करून ती खडबडीत करतात, किंवा कानशीसारखे बारीक दांते उमटवितात. रबर त्या दांत्यांत शिरून बसतें. हा उपाय मला सर्वांत पसंत आहे. तो रिमचें वजन वाढवीत नाहीं, टायरला भोंक पाडीत नाहीं, आणि टायर काढण्याच्या वेळीं आड येत नाहीं. तिसरी गोष्ट हवा. हवा थोडी कमी केली कीं रस्त्यावरची पकड वाढते, हा मोह सर्वांना होतो. पण तीच हवा कांठाची पकड आहे, हें त्या वेळीं आठवत नाहीं.

डिंकासारख्या पदार्थानें कांठ चिकटविणारेहि आहेत. सायकलच्या शर्यतींत ती जुनी पद्धति आहे; तेथें एका जातीचा टायर केवळ गोंदावर रिमला धरलेला असतो. परंतु गोंदाची पकड नेहमींच भरंवशाची नसते. २००३ च्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतींत गाप गांवाकडे उतरतांना होसेबा बेलोकी हा स्पॅनिश स्वार उन्हानें वितळलेल्या डांबरावर घसरला, मागचा टायर रिमवरून निघाला, आणि त्याच्या मांडीचें, कोपराचें व मनगटाचें हाड मोडलें. मोटारीच्या बाबतींत गोंदानें आणखी एक अडचण होते: टायर बदलतांना रिम खरवडण्यांत जो वेळ जातो, तो शर्यतीच्या दिवशीं कोणापाशीं असतो?

आतां स्क्रू. रिमच्या उभ्या कडेला चारी बाजूंनीं डझनभर किंवा अधिक भोंकें पाडतात आणि त्यांतून स्क्रू कांठाच्या रबरांत घुसवितात. टायर खरोखरच हलत नाहीं. उपाय स्वस्तहि आहे. पण त्याची किंमत मागाहून द्यावी लागते. स्क्रू थोडा अधिक लांब असला, कीं तो ज्या तारेच्या कड्यावर सारी भिस्त आहे त्यालाच जाऊन लागतो. रिमला पाडलेलें प्रत्येक भोंक ही चीर सुरू होण्याची एक जागा असते. दर वेळीं टायर बदलतांना स्क्रू काढा, नव्या रबरांत पुन्हा घुसवा. आणि एखादा विसरला तर तोल गेला. सर्वांत मोठें वैगुण्य असें, कीं स्क्रू मूळ कारण झांकून टाकतो. साबण ओला होता कीं रंग चकचकीत होता, हें मग कोणी विचारीत नाहीं. जुन्या पोलादी रिमवर थोडक्या पैशांत ड्रॅग शर्यत खेळणाऱ्या गरीब स्पर्धकाला मी हंसणार नाहीं. त्याला दुसरा मार्ग नसतो. पण ज्याला मार्ग आहे त्यानें स्क्रूकडे वळूं नये. घर्षणानें भागतच नसेल, तर रिमच्या कडेवर वेगळें कडें बोल्टांनीं बसवून त्यामध्यें कांठ चिमट्यांत धरावा, ही रीत चांगली. मातीच्या मैदानावरील मोटारी, वाळवंटांतील लांब शर्यतींच्या गाड्या आणि ड्रॅगच्या बलिष्ठ मोटारी तिचा अवलंब करतात. तिनें चाक जड होतें, आणि तिचे बोल्ट ठरीव जोरानें आवळून वारंवार तपासावे लागतात. तरी तेथें टायरला जखम होत नाहीं. सार्वजनिक रस्त्यावरच्या मोटारीला मात्र या दोहोंपैकीं कशाचीच गरज नाहीं.

पालक विचारतील, शाळेच्या अंकांत ही चर्चा कशाला? कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरलेल्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धांत पुण्यामुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांनीं स्वतः बांधलेल्या लहान शर्यतीच्या मोटारी उतरविल्या आहेत. आमचीहि मुलें उद्यां त्यांत असतील, आणि त्यांतलें कोणी तरी त्या मोटारींत बसेल. तेव्हां इंजिनावर महिनोन्‌महिने खपणाऱ्या तुकडींत रिमची बैठक पुसून कोरडी करणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी असावी, असें मला वाटतें. सराव आजपासूनहि करतां येईल. शाळेच्या मागील छपरींत ज्या सायकली उभ्या असतात, त्यांच्या मागील चाकांचे व्हॉल्व्ह पहावे. ज्यांत हवा नेहमीं भरलेली असते, त्यांचा व्हॉल्व्ह रिममधून सरळ उभा निघतो. ज्यांत ती आठवडेच्या आठवडे कमी असते, त्यांचा व्हॉल्व्ह एका बाजूस झुकलेला दिसेल. टायरनें ट्यूबला किती ओढलें, हें तो झुकाव सांगतो. परवां सकाळीं मीं तेथून जातांना असे चार पाहिले.